पर्थच्या किनाऱ्यावर शेवंडीसाठी पिंजरा: तयारीपासून नोंदवहीपर्यंत

पश्चिम ऑस्ट्रेलियात हौशी मासेमारीच्या परवान्यावर शेवंडीचे पिंजरे टाकता येतात. पर्थमध्ये राहणारे बरेच मराठी लोक पहिल्या उन्हाळ्यात उत्साहाने दोन पिंजरे विकत घेतात. दुसऱ्या उन्हाळ्यात ते गॅरेजमध्ये पडलेले दिसतात. चुका ठरलेल्या असतात: पिंजरा खडकाच्या माथ्यावर टाकलेला, महिना न बघता खोली ठरवलेली, दोर अंदाजाने कापलेला आणि आमिष दोन दिवसांचं शिळं. पिंजरा पाण्यात जाण्याआधीच या चार चुकांनी त्या दिवसाचं काय व्हायचं ते ठरवलेलं असतं.

इथली शेवंड म्हणजे पॅन्युलिरस सिग्नस. कोकणात रत्नागिरी-मालवणकडे मिळणाऱ्या शेवंडीच्या कुळातलीच, मोठ्या नांग्या नसलेली, लांब काटेरी मिशांची. तिला दिवसा चुनखडकाच्या कपारी लागतात आणि रात्री ती आजूबाजूच्या सागरी गवतात चरायला निघते. पुढचं सगळं या एका सवयीवर उभं आहे.

१. कागद, मोजपट्टी आणि बोयावरचा क्रमांक

पिंजरे टाकणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतःच्या नावाचा शेवंडीचा परवाना हवा. त्याच फेरीत गळही टाकणार असाल तर यांत्रिक होडीवरून मासेमारी करण्याचा वेगळा परवाना लागतो.

एका परवानाधारकाला दोनच पिंजरे वापरता येतात. दिवसाला माणशी ८ शेवंडी. होडीवर दोन परवानाधारक असतील तर १६ आणि तीन किंवा जास्त असतील तरी २४ च. परवाना नसलेल्या पाहुण्याच्या नावावर एकही धरता येत नाही. निंगालूसारख्या काही भागांत मर्यादा याहून कमी आहे. मत्स्यखात्याची चालू हंगामाची नियमपुस्तिका फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण समुद्रात रेंज मिळेलच असं नाही.

बोयावर, म्हणजे पिंजऱ्याच्या दोराला बांधलेल्या तरंगत्या गोळ्यावर, तुमचा गिअर क्रमांक (साधनं कुणाची ते सांगणारा ओळख क्रमांक) हवा आणि अक्षरं ६० मिलिमीटर उंचीची हवीत. मार्करने लिहिलेला क्रमांक उन्हात आणि मिठात दोन आठवड्यांत पुसट होतो. तापवलेल्या लोखंडी ठशाने डाग द्या किंवा खोल कोरा.

> तपासा: मोजपट्टी सुतळीने होडीलाच बांधलेली आहे का? खिशातली मोजपट्टी पहिल्याच ओढीत पाण्यात जाते.

२. पिंजरा

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. लाकडी पट्ट्यांचा चौकोनी आणि वेताचा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गोल. नवशिक्याने लाकडी पट्ट्यांचा घ्यावा. तो होडीत नीट रचता येतो आणि घरी दुरुस्त करता येतो. प्लॅस्टिकचे हलके पिंजरे उचलायला बरे वाटतात, पण पुरेसं वजन बांधलं नाही तर लाटांच्या मोठ्या उसळीत, म्हणजे इथे सगळे ज्याला स्वेल म्हणतात त्यात, तळावरून घरंगळतात.

पिंजरा हलता कामा नये, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. तळावर डुगडुगणाऱ्या पिंजऱ्यात शेवंड चढत नाही. तळाला लोखंडी सळया घट्ट बसवा. नवं, कोरडं लाकूड पाण्यात हलकं असतं आणि त्याला कारखान्याचा वासही असतो. म्हणून हंगामाआधी नवे पिंजरे काही दिवस पाण्यात बुडवून लाकूड मुरू द्या. कोरड्या पिंजऱ्याची पहिली रात्र बहुधा वाया जाते.

लहान शेवंडींना बाहेर पडण्यासाठी सुटकेची फट ठेवावीच लागते: किमान ५४ मिलिमीटर उंच आणि ३०५ मिलिमीटर रुंद. लाकूड फुगलं, पट्टी वाकली किंवा वर दोर गुंडाळला गेला तर ती कमी होते. मोजपट्टीने दर महिन्याला मोजा. ही फट नीट असली की ओढल्यावर लहान शेवंडी हाताळत बसावं लागत नाही आणि त्यांचे पायही तुटत नाहीत.

पर्थच्या उत्तरेकडच्या जुरियन बे आणि त्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात पिंजऱ्याच्या तोंडाखाली सी-लायन (सीलसारखा समुद्री प्राणी) रोखणारी उभी सळई बसवावी लागते. सी-लायनची पिल्लं आमिषासाठी डोकं आत घालतात, अडकतात आणि बुडून मरतात. ऑस्ट्रेलियन सी-लायन हा आधीच संख्येने कमी झालेला प्राणी आहे. सळई कुठे सक्तीची आहे ते नकाशावर बघा. पर्थहून उत्तरेला सहलीला जाणाऱ्यांना हे ठाऊक नसतं.

३. दोर

कोकणातल्या समुद्राची सवय असलेला माणूस इथे हटकून दोर जास्त सोडतो. आपल्याकडे भरती-ओहोटीत कित्येक मीटरचा फरक पडतो, पर्थला तो साधारण एक मीटरच्या आतच राहतो. इथे दोराची लांबी ठरवायची ती खोली, स्वेल आणि प्रवाह बघून.

१२ मीटर खोलीला १६ ते १८ मीटर दोर पुरतो. त्याहून आखूड ठेवला तर मोठ्या लाटेत बोया पाण्याखाली ओढला जातो आणि पिंजराही उचलला जाऊन सरकतो. फार लांब ठेवला तर दोर पृष्ठभागावर वेटोळं घालून तरंगतो. तो कुणाच्या तरी होडीच्या पंख्यात जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे देवमाशाच्या शेपटीला गुंडाळतो. हम्पबॅक देवमासे हिवाळ्यात याच किनाऱ्याने उत्तरेला जातात आणि वसंतात पिल्लांसह परततात.

एकूण दोर २० मीटरहून लांब असेल तर त्याचा वरचा निम्मा भाग ढील असतानाही पाण्यात उभा लटकला पाहिजे. त्यासाठी वरच्या भागात बुडणारा दोर वापरा किंवा त्याला वजन लावा. खालचा भाग तरंगणारा चालतो, उलट तोच बरा, कारण तो खडकावर घासत नाही. बुडणारा आणि तरंगणारा दोर उलटे जोडणं ही नेहमीची चूक आहे. जोडल्यावर दोन्ही टोकांना रंगीत टेप लावून ठेवा.

मे ते ऑक्टोबर या काळात पिंजरा सात दिवसांहून जास्त न ओढता ठेवू नका. जमत नसेल तर घरी आणा.

४. आमिष

एका पिंजऱ्याला एक ते दीड किलो. त्यात दोन तऱ्हेचं आमिष हवं आणि याचं कारण सरळ आहे. ब्लू मॅकरेल, म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ, किंवा मुलेट यांचं तेल पहिल्या काही तासांत पाण्यात पसरतं आणि शेवंडीला लांबून बोलावतं. पण त्यांचं मऊ मांस समुद्री किडे रातोरात संपवतात. पहाटेपर्यंत टिकतं ते कडक डोकं: सॅमन, ट्यूना किंवा कुठल्याही मोठ्या माशाचं. पिंजऱ्यातल्या दोन डब्यांपैकी एकात तेलकट मासा कापून घाला, दुसऱ्यात डोकी भरा.

आमिष ताजं किंवा ताजं असताना गोठवलेलं हवं. कुजका वास शेवंडीला ओढून आणतो हा खेकड्यांवरून आलेला समज आहे. सडकं आमिष घातलेला पिंजरा ताज्या आमिषाच्या पिंजऱ्याशेजारी ठेवून बघा. कोंबडीचे अवयव, गुरांचं मांस किंवा कातडं घालू नका. मासाच घाला.

> सावधान: आमिषाच्या खोक्याची प्लॅस्टिक पट्टी घरीच कापून कचऱ्यात टाका. समुद्रात गेलेली गोल पट्टी सी-लायनच्या आणि शार्कच्या गळ्यात अडकते आणि जनावर वाढतं तशी रुतत जाते.

५. महिना बघून खोली ठरवा

इथे घाई करू नका. सगळ्या लेखात हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे.

नोव्हेंबरच्या सुमारास किनाऱ्याजवळच्या खडकांतल्या बऱ्याच कुमारवयीन शेवंडी कात टाकतात. नव्या कवचाचा रंग फिका, गुलाबीसर असतो. त्यांना इथे ‘व्हाइट्स’ म्हणतात. नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीपर्यंत या शेवंडी आपला खडक सोडून वाळूवरून खोल पाण्याकडे चालत निघतात. त्यामुळे मागच्या शनिवारी भरलेली जागा या शनिवारी रिकामी सापडते. जागा वाईट नसते, शेवंडी पुढे निघून गेलेल्या असतात.

व्हाइट्सच्या काळात सुरुवात साधारण ५ ते १५ मीटरवर करा आणि दर आठवड्याला पश्चिमेकडे सरका. डिसेंबरच्या मध्यापर्यंत २० ते ३० मीटर बघावं लागतं. जानेवारीत बराचसा जथा छोट्या होडीच्या आवाक्यापलीकडे गेलेला असतो. तिथवर त्यांच्या मागे जाऊ नका. या दिवसांत पिंजरा खडकाला चिकटवायची गरज नसते. वाळूचा पट्टा जिथे गवताला भेटतो ती कड, किंवा दोन खडकांमधली वाळूची खिंड म्हणजे त्यांची वाट.

फेब्रुवारीनंतर मिळतात त्या ‘रेड्स’. गडद लाल, जाड कवचाच्या, एका जागी राहणाऱ्या. त्यांच्यासाठी पुन्हा खडकाजवळ या. पण खडकाजवळ म्हणजे खडकावर नव्हे. साउंडरवर (खोली आणि तळ दाखवणाऱ्या यंत्रावर) खडकाची कड दिसली की तिच्यापासून काही मीटर बाहेर, जिथे तळ सपाट आहे आणि गवत सुरू होतं, तिथे पिंजरा टाका. माथ्यावर टाकलेला पिंजरा तिरका बसतो, त्याचं तोंड आभाळाऐवजी बाजूला होतं आणि ओढताना तो कपारीत अडकतो. रात्री शेवंड गवतात चरायला उतरते, तेव्हा पिंजरा तिच्या वाटेत हवा.

चंद्राकडेही लक्ष द्या. पौर्णिमेच्या आसपास पिंजऱ्यात येणाऱ्या शेवंडींची संख्या कमी होते, उजेडात त्या कपारीबाहेर कमी फिरतात. रजा घ्यायचीच असेल तर अमावस्येजवळची घ्या. स्वेल येऊन गेल्यावर पाणी गढूळ असतं तेव्हा मात्र शेवंडी जास्त फिरतात. स्वेल उतरल्यानंतरचा दिवस उत्तम, चढता असतानाचा धोक्याचा.

> तपासा: मार्मियन मरीन पार्क आणि रॉटनेस्ट बेटाभोवती मासेमारीला बंदी असलेले पट्टे आहेत. टाकण्याआधी जीपीएसवर सीमा बघा. पिंजरा बाहेर टाकला आणि सरकून आत गेला, तरी बोयावर क्रमांक तुमचाच असतो.

६. टाकणं

उन्हाळ्यात पहाटे पूर्वेकडून मतलई वारा वाहतो आणि दुपारी नैर्ऋत्येकडून खारा वारा सुटतो. पर्थकर त्याला ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात. तो जोरात आला की अर्ध्या तासात समुद्र खवळतो. म्हणून सकाळी ओढायचं, लगेच नवं आमिष भरून पुन्हा टाकायचं आणि दुपारपर्यंत धक्क्यावर परतायचं, हा क्रम बरा.

पिंजरे होडीत खाली, मध्यभागी रचा आणि बांधा. वजनासह एकेक पिंजरा तीस किलोच्या आसपास भरतो. चार पिंजरे वर रचले की पाच मीटरची होडी डोलायला लागते.

जागा नक्की झाली की:

१. होडी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून थांबवा, गिअर न्यूट्रल.
२. दोराचं वेटोळं पिंजऱ्याच्या वर नाही, बाजूला ठेवा. पायाखाली दोर नाही ना ते बघा.
३. पिंजरा काठावरून सरळ, तोंड वर ठेवून सोडा. फेकू नका. फेकलेला पिंजरा उलटा जातो.
४. दोर हाताने सोडत राहा. तळ लागल्याचं हातालाच कळतं.
५. बोया टाका आणि लगेच जीपीएसवर खूण करा. खोली आणि तळाचा प्रकारही लिहा.

> सावधान: खडकाळ उथळ जागी लाट उभी राहते. नेहमी नाही, काही मिनिटांनी येणाऱ्या मोठ्या लाटांच्या जोडीतच ती फुटते. टाकण्याआधी दूर थांबून दहा मिनिटं बघा. फेस दिसला तर तिथे पिंजरा नाही. लाइफ जॅकेट अंगावर हवं, सीटखाली नको.

७. ओढणं

बोयाकडे वाऱ्याविरुद्ध जा. बोया विंचच्या (दोर ओढायच्या यंत्राच्या) बाजूला घ्या, इंजिन न्यूट्रलला आणा, मग हुक मारा. पंख्यात दोर अडकण्याचे बहुतेक प्रसंग न्यूट्रलला उशीर झाल्यामुळे घडतात.

सुरुवातीचे दोन-तीन मीटर सावकाश ओढा म्हणजे पिंजरा सरळ होईल. तळ सुटल्यावर मात्र थांबू नका. मधे थांबलात तर पिंजरा हिंदकळतो आणि शेवंडी तोंडातून निसटतात.

अडकला तर दोर होडीच्या मागच्या बाजूला बांधून इंजिनने खेचू नका. मागून पाणी आत येतं आणि होडी काही क्षणांत उलटते. दोर सैल करा, बोयाच्या पलीकडे जा आणि उलट दिशेने, समोरच्या बाजूने ओढा. होडी लाटेच्या खळग्यात उतरली की सैल दोर ओढून घट्ट धरा, पुढच्या लाटेला होडीच पिंजरा उचलते. तीन प्रयत्नांत सुटला नाही तर सोडा. एका पिंजऱ्यासाठी जीव धोक्यात घालायचा नाही.

दुसऱ्याचा पिंजरा ओढणं गुन्हा आहे, तो हरवलेला वाटत असला तरी. मत्स्यखात्याला क्रमांक कळवा.

८. होडीवरचा क्रम: पोट, मोजपट्टी, शेपूट

हा क्रम बदलू नका. शेवंड मिशा किंवा पायांना धरून उचलू नका. पाठीचं कवच वरून पकडा. तुटलेला पाय पुन्हा येतो, पण त्यासाठी वाढ खुंटते.

*आधी पोट.* उलटी करून बघा. शेपटीखाली नारिंगी ते तपकिरी दाण्यांचा घोस असेल तर ती अंड्यांची मादी आहे, परत जाते. पायांच्या मधे छातीवर डांबरासारखा काळा ठिपका असेल तर तिचं मीलन झालेलं आहे, तिलाही सोडा. नर-मादी ओळखायला शेवटच्या पायांची टोकं बघा. मादीच्या टोकाला बारीक चिमटा असतो, नराच्या नसतो.

*मग मोजपट्टी.* दोन मोठ्या शिंगांच्या मधली पुढची कड ते पाठीच्या कवचाची मागची कड, मध्यरेषेवर सरळ. किमान ७६ मिलिमीटर. शिंगांच्या टोकापासून मोजणं ही सर्वांत नेहमीची चूक आणि तिच्यामुळे लहान शेवंड मोठी ठरते. मोजपट्टी सैल फिरत असेल तर शेवंड लहान आहे. शंका आली तर सोडा.

दक्षिणेकडे ऑल्बनीच्या बाजूला मिळणारी सदर्न रॉक लॉबस्टर ही वेगळी जात आहे आणि तिचं किमान माप ९८.५ मिलिमीटर आहे. तिथे हीच मोजपट्टी चालत नाही.

*शेवटी शेपूट.* ठेवायच्या प्रत्येक शेवंडीच्या शेपटीच्या पंख्यातलं मधलं पान खालून निम्मं कापा. हौशी माणसाने पकडलेली शेवंड विकता येत नाही आणि ही खूण त्यासाठीच आहे. कापल्याशिवाय एकही टबात जाऊ देऊ नका. ‘किनाऱ्यावर कापू’ म्हणणारेच दंड भरतात.

सोडायच्या शेवंडी पाच मिनिटांच्या आत पाण्यात जायला हव्यात, त्याच जागी. होडी पुढे गेल्यावर अनोळखी वाळूवर टाकलेली शेवंड कपार शोधेपर्यंत एखाद्या माशाच्या तोंडी जाते. उंचावरून भिरकावू नका, पाण्याला टेकवून सोडा.

९. नोंदवही आणि हंगाम काय सांगतो

प्रत्येक ओढीला एक ओळ: तारीख, जागा, खोली, तळ, आमिष, किती तास, चंद्र, स्वेल, किती ठेवल्या, किती लहान, किती अंड्यांच्या. तीन महिन्यांत ही वही कुठल्याही शेजाऱ्याच्या सल्ल्यापेक्षा खरी ठरते. पिंजरा वर आल्यावर पुढच्या खुणा वाचा.

आमिष जसंच्या तसं आणि पिंजरा रिकामा: शेवंडी तिथे नाहीत, किंवा पिंजरा आडवा पडला होता. पट्ट्यांच्या एका बाजूला वाळू किंवा गवत अडकलेलं असेल तर आडवाच होता. वजन वाढवा.

आमिष साफ आणि पिंजरा रिकामा: किड्यांनी किंवा छोट्या माशांनी खाल्लं. मऊ मासा कमी, डोकी जास्त.

आत रिकामी, मांस काढून घेतलेली कवचं: ऑक्टोपस. तो पिंजऱ्यात शिरून शेवंडी खातो आणि कधी कधी अजून आतच बसलेला सापडतो. अशी जागा एक-दोन आठवडे बदला, कारण आमिषाची आणि शेवंडीची सोय झाली की तो तिथेच फिरत राहतो.

बहुतेक सगळ्या मापाला कमी: तुम्ही त्यांच्या पाळणाघरात आहात. समुद्रात तरंगत नऊ ते अकरा महिने घालवल्यानंतर शेवंडीची पिल्लं उथळ किनारी खडकांत येऊन बसतात आणि मापाला यायला त्यांना पुढे तीन-चार वर्षं लागतात. खोल जा.

सगळ्या फिक्या आणि दाबल्यावर कवच दबतं: नुकतीच कात टाकलेली. मांस पाणचट असतं. मापात असल्या तरी सोडलेल्या बऱ्या, काही आठवड्यांनी त्याच भरलेल्या मिळतील.

अंड्यांच्या माद्या जास्त: त्या आठवड्यात ती खोली सोडा. परत सोडली तरी पुन्हा पुन्हा वर ओढली गेलेली मादी अंडी गमावते.

एकाच रात्रीवरून जागा वाईट ठरवू नका. पौर्णिमेजवळची एक रात्र आणि अमावस्येजवळची एक, इतकं दिल्यावरच वहीत फुली मारा.

१०. घरी आणताना

जिवंत शेवंडी ओल्या गोणपाटात, सावलीत. गोड्या पाण्याच्या बादलीत टाकू नका, त्यात त्या तडफडून मरतात. समुद्रावर शेपूट वेगळी करू नका. माप तपासता यायला हवं.

मारण्याआधी बर्फ आणि समुद्राच्या पाण्याच्या गाळात किमान २० मिनिटं ठेवा. समुद्राचं पाणी नसेल तर लिटरला ३५ ग्रॅम मीठ. पायांची हालचाल पूर्ण थांबली आणि मिशा ओढल्यावर प्रतिकार उरला नाही, मगच धारदार सुरीने मध्यरेषेवर उभी चिरा. थेट उकळत्या पाण्यात सोडू नका. मृत आणि किती वेळ झाला ते माहीत नसलेली शेवंड खाऊ नका, तिचं मांस फार लवकर बिघडतं.

हंगाम संपला की पिंजरे गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, दोर टांगून ठेवा आणि आमिषाचे डबे रिकामे करा. सुटकेची फट पुन्हा एकदा मोजा आणि माप पिंजऱ्यावरच खडूने लिहा.